ऊनाइसीचा दुसरा कागद

ऊनाइसी रडायला लागली की खोलीतली माणसं घड्याळाकडे बघायचं विसरायची. मी तिला चौदा वर्षं रडताना पाहिलं. आठवड्यातून दोनदा, सकाळी नऊ ते साडेबारा, मधे चहाची सुट्टी. कधी तिचं मूल गेलेलं असायचं, कधी नवरा ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलेला नसायचा, कधी तिच्या स्वतःच्याच छातीत गाठ निघालेली असायची. रडून झालं की ती डोळे पुसत माझ्या टेबलाशी यायची आणि चहाबरोबरचे तळलेले पाव, बाबाकाऊ, उरलेत की पोरांनी संपवले, याची चौकशी करायची.

आमच्या बेटांच्या राजधानीत, सुवातल्या नर्सिंग कॉलेजात ती 'पेशंट' होती. खरी नव्हे, सरावाची. हे खूळ आमच्या प्रमुख लुसियाना सिस्टरचं. आमच्याकडे बेटाबेटांवरून येणारी पोरं मोठ्या माणसासमोर मान खाली घालून बसायला शिकलेली असतात. घरी त्यालाच वळण म्हणतात. पण तीच पोरं वॉर्डात गेली की पेशंटच्या उशाशी उभी राहून 'इथे सही करा' एवढंच म्हणायची आणि पळ काढायची. लेखी परीक्षेत नव्वद, आणि माणसाशी बोलायची वेळ आली की तोंडात मूग. विद्यापीठाच्या कागदात या बोलण्या-ऐकण्याला 'सॉफ्ट स्किल्स' म्हणतात, आणि त्यावर एक जाडजूड व्याख्यानमालाही होती. लुसियाना सिस्टरने ती बंद केली. पोहायला शिकवायचं तर फळ्यावर समुद्र काढून काय उपयोग, असं ती म्हणायची. तिने दोन रिकाम्या खोल्यांत खाटा टाकल्या आणि बाजारातून, चर्चमधून चार बायाबापड्या आणून त्यांना पेशंट केलं. पोरांनी त्यांच्याशी बोलायचं, चुकायचं, पुन्हा बोलायचं. शेवटी पेशंटने कागदावर गुण द्यायचे.

मी राजमती. त्या खोल्यांची व्यवस्था माझ्याकडे. चादरी, कागद, पेन्सिली, चहा आणि कुणी चक्कर येऊन पडलंच तर पाणी. पोरं मला आंटी म्हणायची. माझ्याशिवाय त्या खोल्यांचं पान हलत नाही, असा माझा समज होता आणि तो फारसा चुकीचा नव्हता.

ऊनाइसी बाजारात दालोचे, म्हणजे अळूचे, कंद आणि त्याच्या पानांच्या जुड्या विकायची. कान्दावू बेटावरची. उंच, रुंद, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघेल. पहिल्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात भाजी टाकायला आली होती. लुसियाना सिस्टरला एक पेशंट कमी पडत होता. तिने ऊनाइसीला खाटेवर झोपवलं आणि सांगितलं, तुझा पाय कापायचा आहे आणि तू नको म्हणते आहेस.  ऊनाइसीने मग जे केलं ते नाटक नव्हतंच. तिचा नवरा वाइसाले अशाच खाटेवरून उठून घरी गेला होता. साखरेने पाय सडला होता. कापला असता तर जगला असता.

तिने मला पुढे एकदा ते सगळं सांगितलं. त्या दिवशीच्या नर्सला ती कधी वाईट बोलली नाही.

"पोरगी चांगली होती गं, राज," ती म्हणाली. "पण उभीच होती. एका हातात कागद, एका हातात पेन. ती बसली असती ना, तर वाइसाले उठला नसता. बसलेल्या माणसासमोरून उठून जायचं म्हणजे अपमान. तो तसा नव्हता."

म्हणून तिच्या गुणांचा पहिला हिशेब ठरलेला. पोर बसलं का? कपाळाला हात लावायच्या आधी परवानगी मागितली का? प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली, की आपणच उत्तर देऊन मोकळं झालं? लुसियाना सिस्टर सांगायची, पुस्तकातली आठ पानं ऊनाइसीच्या या तीन प्रश्नांत मावतात. ऊनाइसी गुण द्यायला कंजूष होती, पण खोटी नव्हती. पोरं तिला बुबू म्हणजे आजी म्हणायची, आणि तिच्या हातून सात मिळाले तरी घरी फोन करायची.

एकाच बाबतीत तिचा कागद खरा नसायचा, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन गावांचा मूळ देव एक असला की ती गावं एकमेकांची ताऊवू. अशा दोन गावांची माणसं भेटली की त्यांनी एकमेकांची टर उडवायची, ताटातलं पळवायचं, डोक्यावरची टोपी उचलून न्यायची. आणि समोरच्याने हसायचं. रागवायचा हक्कच नाही. जितकी माया जास्त तितकी शिवी जहाल. आम्हा गिरमिटियांच्या, म्हणजे उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेल्या हिंदी मजुरांच्या, नातवंडांना हे सुख मिळालं नाही. आमच्यात टर उडवली की दोन पिढ्या बोलणं बंद.

तर ऊनाइसीच्या ताऊवू गावाचं कुणी पोर परीक्षेला आलं की ती आधी एक कागद मस्करीचा भरायची. शून्य गुण, आणि खाली असं काही लिहायची की लुसियाना सिस्टर खुर्चीवरून घसरायची. तो कागद आम्ही चहाच्या खोलीत भिंतीला लावायचो. मग मी तिला दुसरा कोरा कागद द्यायची आणि त्यावर ती खरे गुण लिहायची. चौदा वर्षांत असं पाच-सहा वेळा झालं असेल. नियमाच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. कशाला असेल? मी होते ना.

इसिकेली आला त्याच्या आदल्याच वर्षी लुसियाना सिस्टर निवृत्त झाली होती. तो दूरच्या लाऊ बेटांपैकी एका लहानशा बेटाचा, चोविशीतला, पाठीने दार भरून टाकणारा. पहिल्या दिवशी त्याने आपल्या बेटाचं नाव सांगितलं मात्र, ऊनाइसीने त्याच्या हातातला डबा काढून घेतला, उघडला आणि आतला मासा सगळ्या वर्गासमोर बसून खाल्ला.

"यांच्या बेटावर मासे पकडता येत नाहीत," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली. "मेलेले किनाऱ्याला लागतात ते उचलतात."

इसिकेली उठला, तिचा पंखा उचलला, वारा घेत जागेवर जाऊन बसला आणि, ताऊवू एकमेकांना हाक मारतात तशी मारून म्हणाला, "ताऊ, काटे तेवढे ठेव. तुमच्या गावाला पाठवू. सणाला होतील."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. त्याच्या बेटावरचा दवाखाना दोन वर्षं बंद होता. नर्स नव्हती. बाळंतपणाला बाई होडीत घालून सहा तास न्यावी लागायची. बेटावरच्या लोकांनी मिळून त्याला शिकायला पाठवलं होतं आणि सरकारची शिष्यवृत्ती होती. वर्षाअखेर पास झाला की दवाखान्याची किल्ली त्याच्या हातात. एकदा औषधांच्या विषयात तो नापास झाला होता आणि शिष्यवृत्तीवाल्यांनी लिहून दिलं होतं, आता पुन्हा नाही. हे ऊनाइसीला माहीत होतं, मला माहीत होतं.

लुसियाना सिस्टरच्या जागी डॉक्टर अनुरीता प्रसाद आली. सत्त्याऐंशीला लष्कराने सरकार उलथवलं, त्या गडबडीनंतर तिचे आईबाप ब्रिस्बेनला निघून गेले, ही तिथेच वाढली. आमच्याच लोकांतली म्हणून मी पहिल्या दिवशी तिच्यासाठी पुरी आणि भोपळ्याची भाजी करून नेली. तिने आभार मानले आणि दुपारी मला बोलावून सांगितलं की परीक्षेच्या कागदांना यापुढे तुम्ही हात लावायचा नाही. पेशंटने कागद भरायचा, पाकिटात घालून बंद करायचा आणि पेटीत टाकायचा. पेशंटचं मत सगळ्यात मोठं. कागदावर शेवटचा प्रश्न होता, 'ही नर्स तुम्हाला पुन्हा चालेल का?' तिथे 'नाही' असलं की बाकीचे गुण कितीही असोत, नापास.

आता शांतपणे विचार केला तर नियम चांगला होता. ऊनाइसीसारख्या बाजारातल्या बाईच्या शब्दाला विद्यापीठात एवढी किंमत कुणीच दिली नव्हती. पण मला तेव्हा ते दिसलं नाही. मला दिसलं एवढंच, की चौदा वर्षांनंतर कुणी पोरसवदा बाई मला दाराबाहेर बसवते आहे. मी चादरी घडी करत बसले आणि कुढत राहिले.

शेवटची परीक्षा बुधवारी झाली. इसिकेलीला नेमका पायाचा प्रसंग आला. पाय कापायला नको म्हणणारी बाई. मी दाराच्या काचेतून पाहत होते. ऊनाइसी खाटेवरून उतरून खाली चटईवर बसली, घरी जायची तयारी करत असल्यासारखी. एरवी पोरं इथे गांगरतात, खाटेकडे बोट दाखवतात. इसिकेली तिच्यासमोर चटईवर बसला. एवढा मोठा देह, पण आवाज न करता बसला. परवानगी मागून त्याने तिचा पाय हातात घेतला आणि किती तरी वेळ काही बोललाच नाही. मग काहीतरी विचारलं. ऊनाइसी बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला लागली. मी तिची सगळी रडणी ओळखत होते. हे त्यांतलं नव्हतं. अनुरीताही काचेशी येऊन काही क्षण पाहून गेली. तिला दोन्ही खोल्या सांभाळायच्या होत्या.

चहाला ऊनाइसी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"राज," ती म्हणाली, "त्याने विचारलं, पाय गेला तर घरात कुणाला तोंड दाखवायची भीती वाटते? चौदा वर्षांत हे कुणी विचारलं नाही. वाइसालेला कुणी विचारलं असतं..."  मग ती नाक पुसून हसली. "असा कागद लिहिलाय ना, चुलीत घालावा असा. या माणसाला माझ्या डुकराच्या पायालाही हात लावू देणार नाही. यांच्या बेटावर पाय धुवायची पद्धत अजून पोचलेली नाही. शून्य. पुन्हा चालेल का? नाही, नाही, नाही. तीनदा लिहिलंय. आण आता दुसरा कागद."

"दुसरा कागद बंद झालाय," मी म्हणाले. "पाकीट टाकलंस ना पेटीत? मग मॅडमना माग."

"मॅडम वर्गात आहे आणि माझी बोट चारला." तिची भावजय वारली होती. कान्दावूला जायचं होतं, मयताच्या घरी द्यायच्या चटया बांधून तयार होत्या. "तू सांग ना तिला. दहा म्हणून सांग. दहाच्या वर असतं तर ते. आणि ते वाचून कुणाला कळणार नाही गं? तीनदा 'नाही' कुणी खरं लिहितं का?"

मी हो म्हणाले. ती गेली.

दुपारी मी अनुरीताच्या खोलीत गेले. आत दोन शिक्षक बसले होते. मी म्हणाले, मॅडम, ऊनाइसीच्या कागदाबद्दल जरा बोलायचं होतं. तिने वर न बघता सांगितलं, "राजमतीबाई, गुणांबद्दल असेल तर प्लीज नको. ते माझ्यावर सोडा." त्या दोघांपैकी एकजण हसला. कदाचित दुसऱ्याच कशाला तरी हसला असेल.

मला तिथे दोन वाक्यं बोलायला कुणी अडवलं नव्हतं. 'मॅडम, ती मस्करी आहे. तो तिचा ताऊवू आहे.' बस, एवढंच. पण माझी कानशिलं तापली. मी म्हणाले, "बरं." आणि दार ओढून घेतलं. मनात म्हटलं, वाच ती पाकिटं, गोंधळ होऊ दे, मग येशील माझ्या टेबलाशी. मला तो गोंधळ हवा होता. ती माझ्याकडे विचारायला यायला हवी होती. मी गुरुवारी दिवसभर तिची वाट पाहिली. साधी साडी नेसून आले होते, ती बदलून चांगला पोशाख घालावा का असाही विचार केला, ती येईल तेव्हा बरं दिसावं म्हणून. इतकी मी खुळी.

ती आली नाही. तिने ऊनाइसीला रडताना पाहिलं होतं. मग पाकीट उघडून तीन वेळा 'नाही' वाचलं. तिला वाटलं, या पोराने त्या म्हातारीला काहीतरी फार लागेल असं बोललेलं आहे. तिने त्या कागदावर विश्वास ठेवला, अगदी अक्षर न् अक्षर.

शुक्रवारी दुपारी यादी लागली. इसिकेली यादीपाशी उभा राहिला, मग माझ्या टेबलाशी आला. त्याच्या हातात कागदाची प्रत होती, प्रत्येकाला आपापली मिळत असे. त्याने ती वाचली आणि मोठ्याने हसला. "वा, ताऊ!" म्हणाला. "डुकराच्या पायालाही नाही!" मग त्याने खालचा 'नापास'चा शिक्का पाहिला. हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. त्याने मला विचारलं, "आंटी, हे असंच राहणार का?"

मी त्याला तिथेच सोडून जिने चढत पळाले. अनुरीताला सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. "तुम्ही मला परवा का नाही सांगितलं?" तिने विचारलं. मी म्हणाले, "तुम्ही बोलू कुठे दिलंत?" हे खरं होतं आणि खोटंही होतं. तिने मान खाली घातली. तिला वाटलं, चूक सगळी तिचीच. मी तिला तसं वाटू दिलं.

तिने अर्ज केला, स्वतः परीक्षेच्या कमिटीपुढे उभी राहिली. ऊनाइसी पुढच्या गुरुवारच्या बोटीने आली, धक्क्यावरून तशीच कॉलेजात. कमिटीसमोर ती खाली चटईवर बसली. खुर्ची दिली तरी घेतली नाही. ती म्हणाली, मी ते खेळात लिहिलं, तो माझा ताऊवू आहे, या पोरासारखी नर्स मी पाहिली नाही. कमिटीत आमच्या हिंदी लोकांतले दोघं होते आणि ऊनाइसीच्या, इथल्या मूळच्या लोकांतले तिघं. तिच्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. एकजण तर खिडकीबाहेर बघत होता. पण अध्यक्षांनी विचारलं, "बुबू, हा कागद खेळातला असेल तर तुमच्या आधीच्या कागदांतला खरा कोणता? तुम्ही पास केलेल्या तीनशे नर्सेसचं आम्ही काय करायचं?"

 तीनशे पोरींची नावं ऊनाइसीने डोळ्यांपुढे आणली असावीत. निकाल तसाच राहिला. इसिकेलीने वर्ष पुन्हा करावं, असं ठरलं, पण स्वतःच्या खर्चाने. शिष्यवृत्तीवाल्यांनी आठवड्यात पत्र पाठवलं.

बाहेर आल्यावर जिन्यात ऊनाइसीने मला गाठलं. "राज, तू मॅडमला सांगितलं होतंस ना? बोट सुटायच्या आधी?"

मी म्हणाले, "हो."

"मग तिने ऐकलं नाही." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "तिची काय चूक? तिला ताऊवू काय माहीत. माझीच जीभ."

मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

इसिकेली ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामावर निघाला. जायच्या आदल्या दिवशी ऊनाइसी त्याच्याकडे माफी मागायला गेली. साधी माफी नव्हे. तिने भावाकडून देवमाशाचा दात आणला होता, ताम्बुआ. मोठ्या अपराधाची माफी मागताना तो दोन्ही हातांत धरून समोर ठेवतात, आणि समोरच्याने तो घेतला की राग पुरला असं समजायचं. मला तिने बरोबर नेलं. तो मावशीच्या घरी ओसरीत पिशवी भरत होता.

ऊनाइसी गुडघ्यांवर बसली, दात पुढे धरला आणि बोलायला लागली. इसिकेलीने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"ताऊ, उठ. हे काय आणलंस? तुमच्या गावात चोरीचा माल असाच दाखवतात का?"

"घे," ती म्हणाली. "इसिकेली, मस्करी नको. आज नको. घे हा."

"ताऊवूकडून दात कसा घेऊ? राग असेल तर घ्यायचा. मला राग नाही."

"तर येऊ दे. मला बोल काहीतरी. तुझं वर्ष घालवलं मी, तुझ्या बेटाची नर्स घालवली. एकदा ओरड माझ्यावर."

तो तिच्यासमोर बसला, परीक्षेत बसला होता तसाच, आवाज न करता. त्याचा चेहरा हसरा होता पण हनुवटी हलत होती. "मला येत नाही गं, ताऊ," तो म्हणाला. "लहानपणापासून शिकवलंय, तुमच्या गावच्या माणसावर रागवायचं नाही. आता कुठून आणू?"

मग तिच्या गळ्यातली शिंपल्यांची माळ काढून त्याने स्वतःच्या गळ्यात घातली, म्हणाला ही माझी झाली, आणि पिशवी भरायला लागला. ती दात पोटाशी धरून घरी आली. त्या दिवशी मला कळलं की जो रागवूच शकत नाही तो माफही करू शकत नाही. त्या पोराच्या मनात काही नव्हतं. आणि म्हणूनच तिला सुटका नव्हती.

ऊनाइसी पुन्हा पेशंट झाली नाही. कॉलेजातून निरोप जायचे, ती पानांच्या जुड्या बांधत हसायची आणि म्हणायची, रडणं संपलं. अनुरीता वर्षभराने ब्रिस्बेनला परत गेली. जाताना तिने नियमात एक ओळ घालून ठेवली, की नात्यातल्या किंवा ताऊवू गावच्या पोराला त्या पेशंटपुढे बसवू नये. शहाणी ओळ आहे. ती लिहायला एक माणूस खर्ची पडला.

चार वर्षं गेली. मी निवृत्त झाले. शनिवारी बाजारात जायची, ऊनाइसीच्या टेबलाशी पालथी टोपली ठेवलेली असायची, ती माझी जागा. ती मला दालो निवडून द्यायची, माझ्या पोळ्या खायची आणि आम्ही गुडघ्यांची दुखणी सांगायचो. लाऊची बोट लागली की तिथल्या बाया तिच्याकडे भाजीला यायच्या. ऊनाइसी त्यांना न चुकता विचारायची, दवाखाना उघडला का? नाही, त्या सांगायच्या. एका शनिवारी एक पोटुशी बाई आली, आठवा महिना, बाळंतपणासाठी महिनाभर आधी सुवाला येऊन राहिलेली. ऊनाइसीने तिच्याकडून भाजीचे पैसे घेतले नाहीत. ती गेल्यावर मला म्हणाली, "माझ्या जिभेने एका बेटाची नर्स खाल्ली, राज. देव मला ही जीभ घेऊनच वर बोलावणार."

मला ते ऐकवेना. मी म्हणाले, तुझ्या एकटीच्या जिभेने नाही. आणि सगळं सांगितलं. मॅडमच्या दारात गेले ते, बरं म्हणून परत फिरले ते, गुरुवारचा सबंध दिवस मुद्दाम गप्प बसले ते. जिन्यात हो म्हणाले ते खोटं होतं, हेही सांगितलं. आम्ही चौदा वर्षं पोरांना शिकवत होतो, वाईट बातमी कशी सांगावी. बसून, डोळ्यांत बघून, वाट पाहून. मी उभ्यानेच सांगितलं, दालोच्या ढिगाकडे बघत, आणि फार भरभर.

मला वाटलं ती ओरडेल. मी तिच्या ताऊवू गावची नव्हते, माझ्यावर रागवायला तिला कुणाची बंदी नव्हती. खरं सांगायचं तर तिने रागवावं म्हणूनच मी बोलले. मला मोकळं व्हायचं होतं.

तिने हातातली जुडी पुरी बांधली. टोकं सारखी केली.

"चार वर्षं," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, तिचा वाटतच नव्हता. "चार वर्षं मी हे एकटीने धरून बसले. तू इथे शेजारी बसायचीस. दर शनिवारी. तू अर्धं उचललं असतंस, तर मला थोडं तरी पेललं असतं."

मी काहीतरी म्हणायला गेले. तिने हात वर केला, रागाने नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला वाट करून द्यावी तसा. मागे खरंच एक बाई उभी होती. मी बाजूला झाले. ऊनाइसीने तिला तीन जुड्या दिल्या, सुटे परत केले, आणि दुसऱ्या टेबलावरची पोरगी पाणी मागत होती तिला बाटली दिली.

मी अजून शनिवारी जाते. भाजी तिच्याकडूनच घेते. ती मला चांगले दालो निवडून देते, त्यात कधी खोट नसते. टोपलीवर आता ती पानं ठेवते. मला काय हवं ते विचारते, किती ते विचारते, आणि 'या, बाई' म्हणते, जसं ती सगळ्यांना म्हणते.